मला जरा सैल गुंडाळा

मी लोकरीचा एक जुना, राखाडी गुंडा आहे. नावावर जाऊ नका मित्रांनो, स्वभावाने मी अगदी गरीब आहे. नवा होतो तेव्हा मानेला थोडा टोचायचो, पण आता माझ्यात तेवढाही जोर उरलेला नाही. मला किती वेळा विणलं आणि किती वेळा उसवलं, ते मोजणं मी कधीच सोडून दिलं. गुंड्याचा स्वेटर, स्वेटरचा गुंडा, पुन्हा गुंड्याचा स्वेटर. तुम्हाला दर वर्षी पास करून पुन्हा पहिलीतच बसवलं तर कसं वाटेल? मला तसं वाटतं. आज जरा निवांत पडून राहायला मिळालंय, तेवढ्यात माझी हकीगत सांगून टाकतो.

मेंढीच्या अंगावर होतो तेव्हाचं फारसं आठवत नाही. ऊन आठवतं, ओल्या गवताचा वास आठवतो, बस. डोळे उघडले ते गिरणीत. तिथे मला गरम पाण्यात बुचकळून काढलं, लोखंडी दातांच्या रुळांवर विंचरलं आणि मग पीळ भरला. तुमची आई केसांतला गुंता काढते तेव्हा तुम्ही घर डोक्यावर घेता, मग माझं काय झालं असेल ते बघा. पण पीळ बसला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणीतरी आहोत. शेवटी रंगाच्या हौदातून राखाडी होऊन बाहेर आलो आणि माझ्या लडी बांधल्या गेल्या. लड म्हणजे लोकरीचा मोठा, लांबट वेढा, जागोजागी दोऱ्याने बांधलेला.

दुकानात लाल-पिवळ्या लडी भराभर खपल्या. मी फळीवर धूळ खात पडलो. एक दिवस एक तरुण बाई आल्या, त्यांनी मला उचलून गालाला लावून पाहिलं आणि विचारलं, "रंग कसा आहे हो हा?"

"मळखाऊ आहे," दुकानदार म्हणाला.

माझी आयुष्यातली पहिली स्तुती ही. पण बाईंना नेमकं तेच हवं होतं. त्यांचा नवरा बस चालवायचा आणि धुळीत, तेलात, धुरात त्याचा दिवस जायचा. पुढे शेजारची मुलं या दोघांना काका आणि काकू म्हणायला लागली, म्हणून मीही तेच म्हणतो. ती दोघं एकमेकांना 'अहो' आणि 'अगं' म्हणायची. इतकी वर्षं मी या घरात आहे, दुसरं काही म्हणताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. लडीवरून थेट विणता येत नाही, चार ओळींत सगळा गुंता होतो. आधी तिचा गुंडा करावा लागतो आणि गुंडा करायला चार हात लागतात. काका कामावरून आले, हातपाय धुतले, की बुटक्या स्टुलावर बसायचे आणि दोन्ही हात पुढे धरायचे. काकू माझी लड त्या हातांवर चढवायच्या, टोक शोधायच्या आणि समोर खुर्चीत बसून गुंडाळायला घ्यायच्या. धागा डावीकडून सुटायचा तेव्हा काकांचा डावा हात किंचित झुकायचा, उजवीकडून सुटायचा तेव्हा उजवा. दिवसभर स्टिअरिंग फिरवलेले हात होते ते, त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. तोंड मोकळं असायचं, त्यामुळे त्या दिवसाचे प्रवासी ते सांगत बसायचे.

"आज एक आजोबा शेवटच्या थांब्यापर्यंत घोरत आले," काका सांगायचे. "जागे झाले आणि माझ्यावरच डाफरले, की झोपलेल्या माणसाचा थांबा ड्रायव्हरला कळत नाही का."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार, परतीच्या फेरीत त्यांच्या घरापाशी सोडलं. उतरताना म्हणाले, पुढच्या वेळी लक्ष ठेव."

काकू हसायच्या आणि हसता हसता माझा गुंडा होत जायचा. छान व्हायचा. दाबला तर उशीसारखा दबायचा, सोडला तर पुन्हा फुगायचा. काकूंच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. काकूंनाही तसंच वाटायचं आणि खरं सांगायचं तर मलाही.

आधी मी काकांचा स्वेटर झालो. बसच्या खिडकीवर टेकून टेकून माझे कोपर विरले, तेव्हा काकूंनी मला उसवलं आणि मी त्यांच्या मुलीचा शाळेचा स्वेटर झालो. शाळेत माझ्या वेलाच्या नमुन्याचं कौतुक झालं, दोन-तीन आया घरी येऊन तो उतरवून घेऊन गेल्या. मुलगी उंच झाली, मला पुन्हा उसवलं. मग कधी मी बिनबाह्यांचा झालो, कधी कानटोपी आणि मोजे मिळून झालो. उसवताना एक बारीक कुरकुर ऐकू येते ना, लोकांना वाटतं तो धाग्याचा आवाज आहे. ती माझी तक्रार असते. उसवलेली लोकर जावळासारखी कुरळी होते. मग तिची लड करून धुवायची आणि सरळ व्हावी म्हणून खाली कुलूप बांधून टांगून ठेवायची. कुलूप बांधून उलटं टांगल्यावर कुणाला बरं वाटेल? प्रत्येक वेळी मी थोडा बारीक झालो, थोडा तुटलो, माझ्यात दोन-चार गाठी वाढल्या. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, "बघा, लोकर अजून नव्यासारखी आहे." असं ऐकलं की मला जास्तच थकायला व्हायचं.

मग मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. बाजारात यंत्राचे स्वेटर आले, काकूंच्या डोळ्यांना चष्मा आला. मला धुऊन, माझ्या लडी करून कापडी पिशवीत घातलं आणि ती पिशवी ट्रंकेच्या तळाशी गेली. सोबतीला डांबराच्या गोळ्या. त्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही, पण ट्रंकेत सोबत निवडता येत नाही. तिथे मी पुष्कळ वर्षं काढली. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला वाईट वाटलं आणि नंतर बरं वाटायला लागलं. आता आपल्याला कुणी उसवणार नाही, या विचाराने मला छान झोप लागायची.

जाग आली तेव्हा घरातलं सगळं बदललेलं होतं; ट्रंकेबाहेर काय घडलं ते मला पुढे घरातल्या बोलण्यातून कळलं. काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. बोलणं परत आलं होतं, काठी घेऊन चालणंही जमत होतं, पण डावा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून जड झालेला आणि बोटं मुठीत मिटलेली. अंगठा तेवढा मुठीबाहेर ताठ उभा राहिला होता. दाबायला म्हणून आणलेला रबरी चेंडू पलंगाखाली गेला होता आणि त्याला बाहेर काढायचं काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

काकू त्यांचं सगळं करायच्या. आंघोळ, बटणं, औषधं, दाढी, नखं. पूर्वी घट्ट बसलेलं बरणीचं झाकण काकांकडे यायचं, गळका नळ काकांकडे यायचा. आता झाकण शेजारच्या वहिनींकडे जायचं आणि नळासाठी माणूस यायचा. काका पलंगावर बसून झाकण बाहेर जाताना बघायचे आणि उघडून परत येताना बघायचे. त्यांना सगळे सगळं देत होते, त्यांच्याकडे मागत मात्र कुणी काही नव्हतं.

बस डेपोच्या भिंतीला लागून एक बाक आहे. निवृत्त झालेले ड्रायव्हर आणि कंडक्टर सकाळच्या उन्हात तिथे बसतात. काकांना तिथे जायचं होतं. उन्हाळाभर काठी टेकत ते घरातल्या घरात चालत राहिले, आणि डेपोपर्यंत जाण्याइतका दम आला तेव्हा थंडी पडली. मुलीने जाड जाकीट आणलं, पण मिटलेली मूठ त्याच्या बाहीतून जाईना.

"बाबा, शाल गुंडाळून जा ना," ती म्हणाली.

"शाल गुंडाळली की माणूस आजारी दिसतो," काका म्हणाले. "मी आजारी नाही. माझा एक हात संपावर गेलाय, बस."

मुलगी परत गेली आणि काकूंनी ट्रंक उघडली. मुठीला फीत लावून त्यांनी माप घेतलं. पुढून उघडा, रुंद बाहीचा स्वेटर विणायचं ठरलं, म्हणजे काकांना बाकावर जाता येईल. पिशवीतून बाहेर काढताना मला धस्स झालं, पण कारण चांगलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

त्या दुपारी काका पलंगावर बसलेले होते. काम चार हातांचं होतं, घरात तीन हात होते. काकूंनी काकांकडे एकदा पाहिलं, आणि जाऊन खुर्ची ओढून आणली. खुर्चीच्या पाठीवर लड चढवली आणि समोर बसून गुंडाळायला लागल्या. खुर्ची बिचारी झुकणार कुठून? धागा तिच्या कोपऱ्यात अडकायचा, काकू हिसका द्यायच्या, खुर्चीच पुढे सरकायची, मग तिच्या पायावर पाय देऊन पुन्हा ओढायच्या. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच गोळीची वेळ, मध्येच दाराची बेल. परत येऊन बसल्या की राहिलेला वेळ भरून काढायला आणखी जोरात. मी ताणून ताणून गुंडाळला गेलो आणि दगडासारखा कडक झालो.

झाकण उघडून द्यायला आलेल्या वहिनींनी मला हातात घेतलं. "अगदी दुकानातल्यासारखा गोल झालाय हो."

"एकटीने केला," काकू म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं होतं. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मित्रांनो, लोकर ताणून गुंडाळली की ती लांब होते, पण ते तिचं खरं माप नसतं. श्वास रोखून धरल्यासारखी ती तशीच राहते, विणून झाली तरी राहते, आणि पाणी लागलं की सुटून आखडते. काकूंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांचा गुंडा कधी घट्ट झालाच नव्हता, म्हणून त्यांना वाटायचं की ढील आपल्याच हातात आहे. ती काकांच्या हातात होती. ते झुकत होते, म्हणून धागा सैल येत होता.

स्वेटर विणून झाला आणि अंगाला बरोबर बसला. मूठ बाहीतून अलगद बाहेर आली. काकांनी आरशात पाहिलं, कंगवा मागून घेतला, भांग पाडला आणि म्हणाले, "उद्या जातो."

"एकदा धुऊन देते," काकू म्हणाल्या. "डांबराचा वास येतोय. चारचौघांत जाणार तुम्ही."

मी धुतला गेलो. पाण्यात मला काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. वाळलो तेव्हा मी माझ्या खऱ्या मापाचा झालो होतो.

निघायच्या सकाळी काकांनी दाढी करून घेतली, बूट घालून घेतले, काठी जवळ ठेवली. काकूंनी डावी बाही चढवायला घेतली आणि मूठ कोपराच्या खाली येऊन अडकली.

"अहो, हात जरा सैल सोडा ना."

"हात माझं ऐकतो का?"

काकूंनी ओढलं. माझे टाके करकरले. पुन्हा ओढलं, तेव्हा काका कळवळले, आणि काकू पलंगाच्या काठावर मटकन बसल्या. बाही अर्धी आत, अर्धी बाहेर.

"मापच चुकले मी," त्या म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर नाही माझं हल्ली."

काकांनी बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माप नाही चुकलं. गुंडा घट्ट झाला. खुर्चीला वळण घेता येत नाही. मी घ्यायचो."

"कळत होतं तर तेव्हाच बोलायचं ना."

"मला कुठे बोलावलंस तू? खुर्चीला बोलावलंस. मी इथेच बसलो होतो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "तुम्हाला त्रास नको म्हणून हो."

"होऊ दे की थोडा त्रास. मला कुणी त्रासच देत नाही आता."

काकू उठून आत गेल्या. थोड्या वेळाने कात्री घेऊन आल्या, बाही कापून द्यायला. काका नको म्हणाले. "उसव," म्हणाले. "आणि लड झाली की मला सांग."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नकोच म्हणालो असतो. माझ्या या वयात उसवणं, धुणं, कुलूप बांधून टांगणं म्हणजे थट्टा नव्हे. दोनदा तुटलो. कुलुपाच्या जागी काकूंनी या वेळी हलका चमचा बांधला, तेवढं मात्र मी त्यांचं लक्षात ठेवीन.

आणि आज दुपारी जेवणं झाल्यावर काका पलंगावरून उठले, खुर्चीत येऊन बसले आणि काकूंना म्हणाले, "तू स्टुलावर बस. हात पुढे कर."

"मी?"

"मग कोण? गुंडाळणार मी. हा बघ, खुंटा केव्हापासून उभाच आहे." त्यांनी उजव्या हाताने डावी मूठ उचलून मांडीवर ठेवली. ताठ अंगठा वर आला. त्या अंगठ्याभोवती आणि मुठीवरून ते मला गुंडाळायला लागले. एकाच हाताने, अगदी सावकाश. आत अख्खी मूठ, म्हणजे घट्ट व्हायची सोयच नाही. मूठ काढून घेतली की मी पुन्हा सैल होणार.

काकूंना हात धरणं जमेना. आयुष्यभर त्या गुंडाळणाऱ्या, लड धरायची त्यांची ही पहिलीच वेळ. "हात हलव की," काका म्हणाले. "डावीकडे वळण. आता उजवीकडे. सावकाश गं, गाडीत माणसं आहेत."

काकू हसल्या. खूप दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण हसून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्यासारख्या झाल्या. थोडा वेळ नुसता धागा जात राहिला.

"दुपारची पडतेस का कधी?" काकांनी विचारलं.

"कुठली दुपार आणि कुठलं पडणं. भांडी तशीच आहेत अजून." काकू उठायला गेल्या, पण हात लडीत अडकलेले. हात असे अडकले की माणसाला प्रश्न टाळून स्वयंपाकघरात जाता येत नाही.

"दमलीस का?"

काकू डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "दमले."

"कधीपासून?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. खरं तर त्याच्याही आधीपासून असेन."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करणार होतात तुम्ही?"

"काही नाही. ऐकलं असतं."

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात नव्हता. काकांनी धागा दातांत धरला, उजवा हात लांब करून त्यांचे डोळे पुसले, ओबडधोबड, काच पुसावी तसे, आणि पुन्हा गुंडाळायला लागले. मग ते एका प्रवाशाची गोष्ट सांगू लागले. गोष्ट जुनीच होती, काकूंनी शंभरदा ऐकलेली. ती अर्ध्यावर आली तेव्हा काकूंची मान भिंतीला टेकली होती.

त्या आत्ताही झोपल्या आहेत. स्टुलावर, भिंतीला टेकून, हातांत लड तशीच. मी निम्मा काकांच्या मुठीवर आहे, निम्मा काकूंच्या मनगटांवर, आणि मध्ये एकच धागा. काकांनी गुंडाळणं थांबवलंय. धागा ताणला तर काकू जाग्या होतील, म्हणून त्यांनी तो सैल सोडून धरून ठेवलाय. त्यांचा हात अवघडला असेल, पण ते हलत नाहीत.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. यातून स्वेटर होईल, काका तो घालून बाकावर जातील, तेवढं मी करीन. त्यानंतर मला उसवू नका, जिथे विरलो असेन तिथे ठिगळ लावा आणि राहू द्या. तुमच्या घरी कुणी लोकर गुंडाळत असेल तर तिला सांगा, धाग्याखाली दोन बोटं ठेव, लोकरीला श्वास घेऊ दे. आणि हात कमी पडले, तर लगेच खुर्ची ओढू नका. आधी घरात बघा. कुणीतरी तिथेच बसलेलं असेल, हात थरथरणारा, नजर अधू झालेला, विचारलं तर लगेच उठेल असा. त्याला विचारा. काम उशिरा होईल, वाकडंतिकडं होईल, पण विचारा.

आत्ताच दार लोटून शेजारच्या वहिनी आत आल्या. त्यांच्या हातात उघडलेली बरणी होती. "काकू आहेत का?" त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं.

काकांनी मान वळवली नाही, हातही हलवला नाही.

"हळू," ते दबक्या आवाजात म्हणाले. "ती झोपलीय. बरणी तिथे ठेवा आणि नंतर या. मी कामात आहे."